देवाला प्रश्न चालतात का?

मित्र-मैत्रिणींनो,

या आठवड्यात खरं म्हणजे मी तुम्हाला धूमकेतूंबद्दल सांगणार होतो. कागद पुढे ओढून बसलोही होतो. तेवढ्यात टपाल आलं आणि त्यात आठवीतल्या एका मैत्रिणीचं चांगलं चार पानी पत्र निघालं. ते वाचलं आणि धूमकेतू राहिले बाजूला. त्यांना काही घाई नसते म्हणा, पुढच्या वेळी येतील!

पत्र लिहिणारीनं 'नाव छापू नका' असं बजावलंय. तेव्हा नाव नाही, गाव नाही. पण तिची अडचण सांगतो, कारण ती तुमच्यापैकी पुष्कळांची असणार.

तिच्या वर्गात सरांनी विश्वाच्या जन्माबद्दल सांगितलं. महास्फोट, पसरत जाणारं विश्व, सगळं अगदी रंगवून. संध्याकाळी घरी आजी नेहमीप्रमाणे देवापाशी दिवा लावत होती. हिनं विचारलं, "आजी, जग ब्रह्मदेवानं केलं असं तू सांगतेस. सर तर महास्फोट म्हणतात. मग खरं काय गं?" आजीनं वातीवरची नजरही न हलवता सांगितलं, "असलं विचारू नये. पाप लागतं." झालं! नेमका त्याच रात्री तिच्या आईला सणकून ताप भरला. आई चार दिवसांत बरी झाली, पण ही मात्र अजून घाबरलेलीच आहे. पत्राच्या शेवटी तिनं दोन प्रश्न विचारलेत. पहिला, जग देवानं केलं की महास्फोटानं? आणि दुसरा, अगदी बारीक अक्षरात लिहिलेला: मी विचारलं म्हणून आईला ताप आला का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्याला उशीर करून चालणार नाही. नाही! तुझ्या प्रश्नामुळे आईला ताप आला नाही. ताप येतो तो जंतूंमुळे, विषाणूंमुळे. घरात कोण काय बोललं हे त्यांना कळत नसतं. मी हे एवढं ठासून सांगतोय, कारण शाळेत असताना मीही असाच घाबरलो होतो, अगदी तुझ्यासारखा. त्याची गोष्ट ऐक. बाकीच्यांनीही ऐका.

१९७८ सालचा पावसाळा होता. मी सहावीत. आमचं गाव सातारा जिल्ह्यात, नदीकाठी. पावसाळ्यात नदीचं पाणी गढूळ व्हायचं आणि तेच फडक्यानं गाळून आम्ही प्यायचो. माझा धाकटा भाऊ तेव्हा पाच वर्षांचा. एके दिवशी तो जेवेना. दुसऱ्या दिवशी उलट्या. तिसऱ्या दिवशी आजीनं त्याची पापणी खाली ओढून पाहिली, तर डोळे हळदीसारखे पिवळे! "कावीळ," आजी म्हणाली.

आमच्या भागात तेव्हा काविळीवर सगळ्यांना एकच उपाय माहीत होता. माळ! शेजारच्या गावात एक म्हातारे गृहस्थ काविळीची माळ द्यायचे. पहाटे उपाशीपोटी त्यांच्याकडे जायचं. ते एका झुडपाच्या हिरव्या काड्यांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे, दोऱ्याच्या फासात एकेक तुकडा अडकवून त्यांची माळ गुंफायचे आणि मंत्र पुटपुटत ती रोग्याच्या डोक्यावर ठेवायचे. मग माळ रोज वाढायची! आज कपाळावर, उद्या गळ्यात, परवा छातीवर. माळ खाली आली म्हणजे कावीळ उतरली. ते पैसे घेत नसत, फक्त एक नारळ. माणूस अगदी सज्जन बरं का! कुणाला फसवावं असं त्यांच्या मनातसुद्धा नव्हतं. त्यांच्या वडिलांनी त्यांना हे शिकवलेलं, आणि माळ वाढताना तर सगळं गाव बघायचं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, भावाला घेऊन गेले तेव्हा मीही मागे लागून गेलो. तिथं मला काय वाटलं कोण जाणे, मी म्हटलं, "मलापण एक माळ द्या ना. मला कावीळ झाली तर?" ते हसले आणि त्यांनी मला एक माळ दिली. मी ती घरी आणून माजघराच्या दारामागच्या खिळ्याला अडकवली. मुद्दाम काही ठरवलं नव्हतं. नुसतं बघायचं होतं.

मग दप्तरातली फूटपट्टी घेऊन मी दोन्ही माळा रोज गुपचूप मोजायला लागलो. भाऊ झोपला की आधी त्याची, मग खिळ्याची. पहिल्या दिवशी दोन्ही माळा २० इंचांच्या आसपास. दुसऱ्या दिवशी भावाची २५, खिळ्याची २४. तिसऱ्या दिवशी भावाची २९ आणि खिळ्याची ३०!

खिळ्याला तर कावीळ झालेली नव्हती!

यातलं गुपित काय ते मला पुढे मोठेपणी कळलं. हिरव्या काडीत पाणी असतं. काडी सुकली की आक्रसते, बारीक होते. तिच्याभोवतीचा फास सैल पडतो आणि फासात गुंतलेला दोरा मोकळा होतो. असे तीस-चाळीस फास थोडे थोडे सैल झाले की माळ आपोआप लांब होते. मग ती डोक्यावर असो की खिळ्यावर.

पण त्या दिवशी मला यातलं काही कळत नव्हतं. उलट पोटात गोळा आला होता. कारण त्याच संध्याकाळी भावाला गुंगी आली. हाक मारली तर डोळे उघडेना, मध्येच काहीतरी भलतंच बडबडायचा. आई रडत होती. आणि मी माजघराच्या कोपऱ्यात बसून एकच विचार करत होतो. मी देवाची परीक्षा घेतली. मी पट्टी लावून मोजलं. म्हणून देव रागावला आणि म्हणून भाऊ असा झाला.

शेवटी राहवेना. आजी देवापुढे बसली होती. तिच्या पदरात तोंड खुपसून मी सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता धपाटा बसणार. पण आजी एवढंच म्हणाली, "कुठंय ती माळ? दाखव."

तिनं कंदील घेतला. खिळ्यावरची माळ काढली, भावाच्या गळ्यातली काढली, दोन्ही शेजारी शेजारी धरल्या आणि बराच वेळ बघत राहिली. मग अण्णांना म्हणाली, "पोराला तालुक्याला ने. आत्ताच्या आत्ता." एसटी सकाळी होती. पण दुधाचा टेम्पो पहाटे तीनला निघायचा. त्यात किटल्यांच्या मध्ये घोंगडी घालून अण्णा, आई आणि भाऊ दवाखान्यात गेले.

भाऊ नऊ दिवस दवाखान्यात होता. मग घरी आला, आणि दिवाळीच्या आत बरोबरीनं विटीदांडू खेळायला लागला. तो आज माझ्यापेक्षा धडधाकट आहे!

आता इथं एक महत्त्वाची गोष्ट सांगून टाकतो. लहान मुलांची कावीळ बहुतेक वेळा घाण पाण्यातून आणि अन्नातून पसरणाऱ्या विषाणूंमुळे होते. विश्रांती घेतली, साधं जेवण आणि भरपूर पाणी घेतलं की बहुतेक मुलं काही आठवड्यांत आपोआप बरी होतात. म्हणून माळ घातलेले बरे होतात आणि न घातलेलेही बरे होतात. श्रेय मात्र माळेला मिळतं. पण थोड्या जणांची तब्येत एकाएकी बिघडते. गुंगी येणं, असंबद्ध बोलणं ही धोक्याची खूण आहे. मग एकेक तास मोलाचा. तेव्हा डोळे पिवळे दिसले की डॉक्टरांकडे जायचं. हे लक्षात ठेवाच.

भाऊ दवाखान्यात असताना आजी रोज रात्री देवाजवळ दिवा लावून जागत बसायची. मला काही ते उमजेना. एकदा मी विचारलं, "आजी, माळ तर खोटी निघाली. मग तू दिवा का लावतेस अजून?"

आजी म्हणाली, "माळेनं कावीळ उतरते म्हणत होते. नाही उतरली, ठेवून दिली माळ. आता पोराचं काय ते डॉक्टर बघतायत. पण मला माझं बघायला नको? रात्रभर जागायचं तर कुणाशी तरी बोलायला हवं."

"आणि मी मोजलं म्हणून देव रागावला नसेल?"

"विचारल्यावर रागवायचं असतं तर त्यानं तुला तोंड कशाला दिलं असतं?" असं म्हणून तिनं मला झोपायला पिटाळलं.

माझी आजी शाळेत गेलेली नव्हती. पण तिनं त्या आठवड्यात जे केलं, ते भल्याभल्यांना जमत नाही. जे मोजून पाहता येत होतं, ते मोजल्यावर तिनं मान्य केलं. आणि दिवा लावून मनाला जो धीर मिळत होता, तो पट्टीनं मोजायचा नाही हेही तिला ठाऊक होतं. माळ आणि दिवा तिनं वेगवेगळे ठेवले.

आता पत्रातल्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. जग देवानं केलं की महास्फोटानं? गंमत अशी की, विश्वाला अशी सुरुवात असावी ही कल्पना ज्यानं मांडली, तो शास्त्रज्ञ स्वतःच एक धर्मगुरू होता! त्याचं नाव जॉर्ज लमेत्र. जन्म १८९४ चा, देश बेल्जियम. पहिल्या महायुद्धात तो तोफखान्यात लढला. मग गणित आणि भौतिकशास्त्र शिकला, आणि १९२३ साली कॅथॉलिक धर्मगुरूही झाला. काळा झगा, गळ्याशी पांढरी कॉलर, आणि हातात खडू. फळ्यावर आइन्स्टाइनची समीकरणं!

१९२७ साली त्यानं एक शोधनिबंध लिहिला. विश्व स्थिर नाही, ते पसरतंय, दूरच्या दीर्घिका एकमेकींपासून लांब लांब चालल्यात, असं त्यानं मांडलं. फुग्यावर शाईचे ठिपके काढा आणि फुगा फुगवा. ठिपके एकमेकांपासून दूर जातात की नाही? तसं काहीसं. त्याच वर्षी तो आइन्स्टाइनला भेटला. आइन्स्टाइन म्हणाला, गणित बरोबर आहे, पण ही कल्पना काही मला पटत नाही. एवढ्या मोठ्या माणसानं असं म्हटलं! पण १९२९ साली एडविन हबलनं दीर्घिकांची निरीक्षणं प्रसिद्ध केली आणि पारडं फिरलं. पुढे आइन्स्टाइननंही विश्व पसरतंय हे मान्य केलं. १९३१ साली लमेत्र आणखी पुढे गेला. विश्व पसरतंय, तर मग कालचं विश्व आजच्यापेक्षा लहान असणार. असंच मागे मागे गेलो तर? एके काळी सगळं काही एका इवल्याशा 'आदिअणू'त कोंबलेलं असणार! हीच महास्फोटाच्या कल्पनेची सुरुवात. आजच्या हिशेबानं ती घटना सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वीची.

आता खरी गंमत ऐका. १९५१ साली खुद्द पोप बारावे पायस यांनी एका भाषणात सांगितलं की, जगाची निर्मिती झाली याला आता विज्ञानही साक्ष देतंय. तुम्हाला वाटेल, लमेत्र खूश झाला असेल. त्याच्या सिद्धांताचं कौतुक, तेही पोपच्या तोंडून! पण नाही. तो अस्वस्थ झाला. त्याचं म्हणणं असं की, माझा सिद्धांत हे भौतिकशास्त्र आहे. तो देव आहे असंही सांगत नाही आणि देव नाही असंही सांगत नाही. पुढच्याच वर्षी, १९५२ साली, रोममध्ये जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांपुढे पोप बोलले, तेव्हा त्यांनी ते विधान पुन्हा केलं नाही.

लमेत्रला एवढं वाईट का बरं वाटलं असेल? विचार करून पाहा. विज्ञानातला सिद्धांत उद्या बदलू शकतो. नवा पुरावा आला की बदलायलाच हवा. त्या सिद्धांताच्या खुंटीला तुम्ही देव टांगलात, आणि खुंटीच निखळली, तर काय करणार? मग एक तर देव पडेल, नाही तर देव पडू नये म्हणून तुम्ही खोटा सिद्धांत धरून बसाल. दोन्ही वाईट!

आपल्याकडेही तुम्हाला असं सांगणारे भेटतील की, महास्फोट आमच्या पोथ्यांत आधीच लिहिलेला होता. अशा वेळी या बेल्जियमच्या धर्मगुरूची आठवण ठेवा. आजीच्या गोष्टीतला कमळात बसलेला ब्रह्मदेव सुंदर आहे. त्याला समीकरणाचा आधार लागत नाही. आणि समीकरणालाही ब्रह्मदेवाच्या सहीची गरज नाही.

याच्या उलट बाजूचीही गोष्ट सांगतो. इंग्लंडमध्ये फ्रेड हॉईल नावाचे मोठे शास्त्रज्ञ होते. त्यांचा देवाधर्मावर विश्वास नव्हता, आणि विश्वाला सुरुवात होती हेही त्यांना पटत नव्हतं. १९४९ साली रेडिओवरच्या एका भाषणात त्यांनी या सिद्धांताला 'बिग बँग' म्हणजे 'मोठा धडाका' म्हटलं, आणि तेच नाव जगभर चिकटलं! कोल्हापुरात जन्मलेले आपले डॉ. जयंत नारळीकर याच हॉईल यांचे केंब्रिजमधले विद्यार्थी. पुण्याच्या 'आयुका'चे ते संस्थापक, आणि त्यांच्या विज्ञानकथा तर तुम्ही वाचल्याच असतील. १९६५ साली दोन अमेरिकन शास्त्रज्ञांना आकाशाच्या सगळ्या दिशांनी येणारी एक मंद रेडिओ-खरखर सापडली. अँटेनात कबुतरांनी घाण केल्यामुळे ती येत असेल म्हणून त्यांनी अँटेना घासूनपुसून स्वच्छ केली, तरी खरखर आपली चालूच! तो विश्वाच्या बालपणातला उरलेला प्रकाश होता. लमेत्र तेव्हा आजारी होता. १९६६ साली वारण्यापूर्वी ही बातमी त्याच्या कानावर गेली. त्या शोधानंतर बहुतेक शास्त्रज्ञांनी महास्फोट मान्य केला. नारळीकरांनी मात्र २०२५ साली त्यांचं निधन होईपर्यंत, मला अजून पुरावा पुरेसा वाटत नाही, असं म्हणत प्रश्न विचारणं सोडलं नाही.

बघा हं! देव मानणारा म्हणतो सुरुवात आहे, न मानणारा म्हणतो नाही. मग निवाडा कुणी केला? देवळानं नाही, चर्चनं नाही, वादविवादानंही नाही. आकाशाकडे लावलेल्या एका अँटेनानं केला. कोण देव मानतो आणि कोण मानत नाही, हे त्या अँटेनाला ठाऊकही नव्हतं.

तेव्हा माझ्या आठवीतल्या मैत्रिणी, तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. विश्व कसकसं घडत गेलं हे विचारशील, तर सरांचं ऐक, आणि सरांनाही 'कशावरून?' म्हणून विचार. या सगळ्याच्या मागे कुणी आहे का, हे विचारशील, तर तिथवर कुठलीही दुर्बीण अजून पोचलेली नाही. तिथं लमेत्रनं एक उत्तर धरलं, हॉईलनं दुसरं. तू तुझं शोध. घाई नाही. आज एक वाटेल, दहा वर्षांनी दुसरं वाटेल. तोपर्यंत शुभंकरोती म्हणावीशी वाटली तर खुशाल म्हण. त्यात विज्ञानाशी बेइमानी नाही. तुमच्यापैकी कुणाला म्हणावीशी वाटत नसेल, तर त्यानंही मनाला टोचणी लावून घेऊ नये. फक्त एवढं करा. जे मोजून पाहता येतं, ते मोजायच्या आधी 'देवाची मर्जी' म्हणून सोडून देऊ नका. आणि मोजून झाल्यावर पट्टी नाचवत आजीला 'तू अडाणी' म्हणू नका. मी त्या रात्री तसं म्हटलं असतं, तर आजीनं माळा शेजारी शेजारी धरून पाहिल्या असत्या का?

तुझी आजी 'पाप लागतं' म्हणाली, ती बहुतेक स्वतःच थोडी घाबरली असेल. पुन्हा एकदा तिच्याजवळ बस. तिला विचार, तू लहान होतीस तेव्हा तुला कुठले प्रश्न पडायचे गं? मला लिहून कळव ती काय म्हणाली ते.

आणि आई-बाबांनो, हे पान तुम्हीही वाचता हे मला माहीत आहे. मुलांनी असं काही विचारलं आणि उत्तर येत नसलं, तर 'मला माहीत नाही, चल शोधू' एवढंच म्हणा. त्यानं ना देवाचा मान कमी होतो, ना तुमचा.

या आठवड्याचा उद्योग: आघाड्याच्या किंवा कुठल्याही मऊ हिरव्या काड्यांचे पंचवीस-तीस तुकडे करा. दोऱ्याच्या फासांत गुंफून माळ करा आणि खिळ्याला टांगा. आठ दिवस रोज मोजा. दुसरी तशीच माळ वाळलेल्या काड्यांची करून शेजारी टांगा. कुठली किती वाढते ते तक्त्यात लिहून मला पाठवा. मोजताना आजीलाही बोलवा हं!

तुमचा,
काका